लिंका विकत घेणं थांबवा, तुटलेल्या आधी जोडा

प्रश्न : येवल्यात आमचं घरचं पैठणीचं काम आहे. वडील आणि भाऊ मागावर बसतात, साइट मी सांभाळते. पहिल्या वर्षी गूगलवरून बऱ्यापैकी फोन यायचे. मग एका एजन्सीला काम दिलं, महिना 10,000 रुपये. दर महिन्याला दोनशे बॅकलिंकांची, म्हणजे दुसऱ्या साइटींवरून आमच्या साइटकडे येणाऱ्या लिंकांची, एक्सेल शीट येते. डीए (डोमेन ऑथॉरिटी, साइटची पत दाखवणारा आकडा) 9 वरून 21 झाला म्हणतात, पण 'पैठणी साडी ऑनलाइन' शोधलं की आमची साइट आता कुठेच दिसत नाही. वर सगळ्या मोठ्या कंपन्या. आमच्याच गावातल्या एका दुकानाच्या लिंका आमच्यासारख्याच आहेत, तरी ते पहिल्या पानावर आहे. रोज ईमेल येतात, इतके डॉलर द्या, तुमचा लेख छापतो. एजन्सी म्हणते बजेट दुप्पट करा. ओळखीचे एकजण म्हणतात सगळ्या लिंका डिसअव्हाउ करा, म्हणजे त्या आमच्या धरू नका असं गूगलला कळवा. भाऊ म्हणतो साइट बंद कर, इन्स्टावरच विकू. शीट, सर्च कन्सोलचे (साइट गूगलवर कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) स्क्रीनशॉट आणि साइटचा पत्ता सोबत पाठवलाय. खरं काय ते सांगा, आता रडू यायचं बाकी आहे. – एक वाचक, येवला

उत्तर :

ताई,

आधी थेट उत्तरं देतो. बजेट दुप्पट करू नका, उलट या महिन्यापासून लिंकांचं काम थांबवा. डिसअव्हाउला हात लावू नका. आणि साइट मुळीच बंद करू नका, कारण तुमच्या साइटला काही फार चांगल्या लिंका मिळालेल्या आहेत. त्या एजन्सीच्या शीटमध्ये नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेक सध्या वाया जातायत. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

तुमची शीट मी सावकाश वाचली. ब्राझीलमधल्या कुठल्याशा साइटचं गेस्टबुक, अमेरिकेतल्या दातांच्या डॉक्टरांची यादी, बंद पडलेल्या एका क्रिकेट ब्लॉगचं डोमेन उचलून त्यावर उभी केलेली 'लाइफस्टाइल' साइट, आणि ढीगभर प्रोफाइल पानं, म्हणजे कुठेतरी खातं उघडून त्यात तुमचा पत्ता टाकलेला. जवळजवळ प्रत्येक लिंकवर शब्द तेच : 'बाय पैठणी साडी ऑनलाइन'. तुमच्या एखाद्या गिऱ्हाइकाने मैत्रिणीला साइट पाठवताना कधी असे शब्द वापरले असतील का? माणूस लिहितो तेव्हा दुकानाचं नाव लिहितो, 'येवल्याच्या एका घरून घेतली' असं लिहितो, नाहीतर नुसता पत्ता चिकटवतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या शेकडो साइटींवर विक्रीचं एकच वाक्य दिसलं, की ते एकाच हाताने पेरलंय हे यंत्राच्या लक्षात यायला वेळ लागत नाही.

हा खेळ जुना आहे. 1998 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची कल्पना मांडली. एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक ही एक प्रकारची शिफारस, आणि ज्याची स्वतःची पत जास्त त्याच्या शिफारशीला वजन जास्त. कल्पना चांगलीच होती, म्हणूनच शिफारशींचा बाजार लगेच उभा राहिला. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीचं प्रकरण 2011 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने छापलं. काहीही संबंध नसलेल्या हजारो पानांवरून त्यांना लिंका दिलेल्या निघाल्या. गूगलने कारवाई केली आणि एका विशिष्ट बॅगेच्या शोधात ती कंपनी दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून 71 व्यावर गेली. पुढच्या वर्षी, 2012 च्या एप्रिलमध्ये, पेंग्विन नावाचा बदल आला आणि अशा लिंकांवर चाललेल्या असंख्य साइटी एका झटक्यात खाली आल्या.

तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाचा बदल 2016 च्या सप्टेंबरमधला. तेव्हापासून पेंग्विन गूगलच्या मुख्य अल्गोरिदमचाच, म्हणजे क्रमवारी ठरवणाऱ्या गणिताचाच, भाग झाला, आणि वाईट लिंकांसाठी आख्खी साइट खाली ढकलण्याऐवजी त्या लिंकांची किंमतच शून्य धरण्यावर त्याचा भर राहिला. 2022 च्या डिसेंबरमध्ये स्पॅमब्रेन ही यंत्रणाही अशा लिंका निकामी करायच्या कामाला लावली गेली. तुमच्या बाबतीत मला दिसतं ते असं : सुरुवातीला यातल्या काही लिंकांनी साइट थोडी वर उचलली असेल, नंतर त्या मोजल्या जाणं बंद झालं आणि उसना आलेला वर-चढ निघून गेला. बाहेरून ते शिक्षेसारखं दिसतं. सर्च कन्सोलमधल्या 'मॅन्युअल अॅक्शन्स'च्या तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये काहीही नोंद नाही, म्हणजे कुणा माणसाने तपासून तुमच्यावर कारवाई केलेली नाही. म्हणूनच डिसअव्हाउ नको म्हणतो. ते साधन आहे अशी कारवाई झालेल्यांसाठी किंवा ती होण्याची खरोखर भीती असलेल्यांसाठी. जे आधीच शून्य धरलं जातंय ते नाकारून हाती काही लागत नाही, आणि घाईघाईत एखादी खरी लिंक त्या यादीत गेली तर नुकसान तुमचंच.

डीएबद्दल मला राग येतो, तो तुमच्यावर नाही. डीए हा मॉझ या खासगी कंपनीने स्वतःच्या हिशोबाने काढलेला आकडा आहे. तसाच डीआर (डोमेन रेटिंग) हा एएचरेफ्स या दुसऱ्या कंपनीचा. गूगल यांतला कुठलाही आकडा क्रमवारीसाठी वापरत नाही. डीए 9 चा 21 झाला आणि त्या काळात तुमचे फोन कमी झाले, तर अहवालात आधी फोनांचं यायला हवं होतं. ज्या माणसाचं पोट मागावर आहे त्याला दर महिन्याला हिरव्या रंगात असा आकडा दाखवून पैसे घेणं मला पटत नाही.

डॉलर मागणारे ईमेल सरळ डिलीट करा. पैसे देऊन लेख छापायला हरकत नाही, ती जाहिरात आहे, पण त्यातल्या लिंकवर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' अशी, ती शिफारस म्हणून धरू नका असं गूगलला सांगणारी, खूण असली पाहिजे, आणि तशी खूण केली की रँकिंगसाठी ती घेण्यात अर्थ उरत नाही. खूण न करता घेतलेली लिंक गूगलच्या नियमांत स्पॅम ठरते. ब्रिटनमधल्या इंटरफ्लोरा या फुलं विकणाऱ्या नामांकित कंपनीने स्थानिक वृत्तपत्रांच्या साइटींवर असे पैसे देऊन छापलेले लेख टाकले होते. 2013 च्या फेब्रुवारीत, तिकडचा मदर्स डे तोंडावर असताना, काही दिवस ती कंपनी स्वतःच्या नावाच्या शोधातही सापडेना. 2024 च्या मार्चमध्ये गूगलने नियम आणखी कडक केले. बंद पडलेली डोमेन उचलून रँकिंगसाठी वापरणं आणि नावाजलेल्या साइटच्या पुण्याईवर बाहेरच्यांचा मजकूर चढवणं, दोन्ही आता नियमांत नाव घेऊन मना केलंय. तुमच्या शीटमधली ती क्रिकेटवाली साइट पहिल्या प्रकारात बसते.

गावातल्या त्या दुकानाचं म्हणाल, तर त्यांना वर नेणाऱ्या लिंका कुठल्या हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. टूलमध्ये दिसतात त्या सगळ्या लिंका, मोजल्या जाणाऱ्या नव्हेत. त्यांची साइट जुनी असेल, लोक दुकानाचं नाव टाइप करून शोधत असतील. त्यांची शीट बघून आपली शीट भरायला गेलात, तर त्यांच्याकडचं निरुपयोगी तेवढंच उचलाल.

आणखी एक तपासा. पैठणीचा शोध वर्षभर सारखा नसतो. दिवाळी आणि लग्नसराईत चढतो, चातुर्मासात उतरतो, अधिक मास आला की लग्नाच्या तारखाच सरकतात. सर्च कन्सोलमध्ये 16 महिन्यांचा डेटा असतो, तेव्हा जुलैची तुलना एप्रिलशी करू नका, मागच्या जुलैशी करा. तुमच्या स्क्रीनशॉटवरून वाटतं की घसरण खरीच आहे, पण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. आणि स्वतःच्या मोबाइलवर शोधून रँक बघायची सवय सोडा. जागा, भाषा, मागचे शोध यांनुसार निकाल बदलतात आणि उगीच जीव खालीवर होतो.

आता त्या चांगल्या लिंकांकडे येतो.

सर्च कन्सोलमध्ये 'लिंक्स' म्हणून जो अहवाल आहे, त्यात बाहेरून सर्वांत जास्त लिंका आलेल्या पानांची यादी असते. तुमच्या स्क्रीनशॉटमधले पत्ते मी एकेक करून उघडले. पुण्यातल्या एका साड्यांवर लिहिणाऱ्या बाईंनी तुमच्या जांभळ्या बांगडी मोर पैठणीवर भरभरून लिहिलंय आणि त्या साडीच्या पानाची लिंक दिलीय. लिंक दाबली की '404, पान सापडत नाही'. एका लग्नाच्या फोटोग्राफरने नवरीच्या पैठणीखाली तुमची लिंक दिलीय, तीही 404. मुनिया काठाच्या साडीची तीच गत. कारण सरळ आहे. हातमागाची प्रत्येक साडी एकच असते, ती विकली गेली की तुम्ही तिचं पान काढून टाकता. पानासोबत त्या पानाला मिळालेली शिफारसही जाते. ज्या लिंका कुणी पैसे न घेता, साडी आवडली म्हणून दिल्या, नेमक्या त्याच रिकाम्या भिंतीवर आपटतायत. एजन्सीने इतक्या महिन्यांत हा अहवाल एकदाही उघडला नसावा.

ही दुरुस्ती तुम्ही स्वतः करू शकता. विकल्या गेलेल्या साडीचं पान परत जिवंत करा, वर ठळक लिहा 'ही पैठणी विकली गेली', फोटो आणि वर्णन तसंच ठेवा, आणि खाली 'अशीच हवी असेल तर' म्हणून मागावर असलेल्या दोन-तीन साड्या दाखवा, विणून मिळायला किती दिवस लागतील तेही सांगा. जी पानं परत आणता येणार नाहीत, त्यांचा पत्ता जवळच्या प्रकाराकडे 301 रिडायरेक्ट करा (जुना पत्ता कायमचा दुसऱ्या पानाकडे वळवा), म्हणजे बांगडी मोरचा बांगडी मोरच्या पानाकडे. सरसकट सगळे होमपेजकडे वळवू नका, तसं केलं की गूगल त्यांना बहुधा हरवलेलीच पानं समजतं. आणि यापुढे साडी विकली म्हणून पान डिलीट करायचं नाही. विकलेल्या साड्यांची ती मालिका म्हणजे तुमच्या घरच्या कामाचा पुरावा आहे. नवं गिऱ्हाईक तो बघतं.

मग मजकूर. 'पैठणी साडी ऑनलाइन' हा शोध सोडून द्या. स्पष्ट लिहितोय, कारण त्यातच तुमचा जीव अडकलाय. त्या शोधात आधी जाहिराती, मग फोटोंची शॉपिंग पट्टी, मग हजारो साड्यांची यादी असलेली बाजारपेठ. शोधणाऱ्यालाही तिथे खूप माल एकदम बघायचा असतो, आणि तुमच्याकडे एका वेळी पंधरा-वीस साड्या. ते पान तुमच्यापेक्षा त्यांचं चांगलं असणारच. पण तुमच्याच सर्च कन्सोलमध्ये, 'क्वेरीज'च्या खालच्या ओळींत बघा, लोक काय काय विचारत तुमच्यापर्यंत आलेत : हातमागाची पैठणी कशी ओळखायची, सेमी पैठणी म्हणजे काय, आईच्या जुन्या पैठणीचा पदर फाटलाय तर दुरुस्त होतो का, नऊवारीत पैठणी विणून मिळते का. यांची उत्तरं मोठ्या कंपनीच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला माहीत नसतात. तुमच्या वडिलांना असतात.

पहिल्या प्रश्नाचंच घ्या. त्यावर तुमच्या साइटवर एक लेख आहे, एजन्सीने लिहून घेतलेला. 'पैठणी ही महाराष्ट्राची शान आहे' इथून सुरू होतो आणि शेवटपर्यंत वाचूनही साडी ओळखता येत नाही. तो काढा. त्याजागी हातमागाचा पदर सुलटा आणि उलटा, दोन्हीकडून जवळून काढलेला फोटो टाका. पैठणीच्या विणीत रंगीत धागे एकमेकांत गुंतवून नक्षी उतरते, म्हणून मोर दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो. शेजारी पावरलूमच्या (यंत्रमागाच्या) साडीची उलटी बाजू दाखवा, मागे सुटे लोंबणारे नाहीतर कापलेले धागे स्पष्ट दिसू द्या. वडिलांना मोबाइलसमोर बसवून विचारा, दुकानात साडी हातात घेतल्यावर ते आधी कुठे बघतात, आणि ते बोलतील तसंच उतरवून घ्या. सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क ही लेबलं काय सांगतात आणि काय सांगत नाहीत हेही लिहा. सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, साडी हातमागावर विणली की नाही हे सांगत नाही. हा फरक अनेक गिऱ्हाइकांना माहीत नसतो आणि तिथेच ती फसतात. असं पान झालं की साड्यांवर लिहिणारे, लग्नाची खरेदी करणारे, फॅशन डिझाइनची मुलं आपणहून त्याचा पत्ता देतात, कारण त्यांनाही कुणाला तरी हे समजावून सांगायचं असतं. मराठीत लिहा आणि स्वतंत्रपणे इंग्रजीतही. यंत्राने केलेला अनुवाद तपासल्याशिवाय टाकू नका.

हल्ली गूगल काही प्रश्नांना वरच एआयने तयार केलेलं उत्तर देतं. भारतात ही सोय 2024 च्या ऑगस्टमध्ये आली. त्यामुळे दिसणं तेवढंच राहून क्लिक कमी होऊ शकतात, आणि तसं झालं तर तो दोष तुमचा नाही. डोळ्यांनी बघून पटायची गोष्ट असेल तर माणूस अजूनही साइटवर येतो, म्हणून फोटोंवर एवढा भर देतोय. मात्र तुमच्या साइटवर भाव, लांबी, जरीचा प्रकार हे सगळं पोस्टरसारख्या चित्रात लिहिलंय. ते साध्या अक्षरांत पानावर आणा, आणि प्रत्येक साडीच्या पानाला तिचं वर्णन करणारं शीर्षक द्या. आत्ता निम्म्या पानांचं शीर्षक नुसतं 'प्रॉडक्ट' आहे.

लिंका मागायच्याच असतील तर ओळखीच्या ठिकाणी मागा. तुमच्या पानांवरच मला दोन जागा सापडल्या. अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात तुमच्या साड्यांचा स्टॉल होता, मंडळाने त्यावर लिहिलंय, तुमचं नावही आहे, फक्त लिंक नाही. एका डिझाइन कॉलेजच्या विद्यार्थिनीने तुमच्या मागावर प्रकल्प केला, कॉलेजच्या साइटवर त्याची बातमी आहे, तिथेही तसंच. त्यांना एवढं लिहा : 'नमस्कार. आमच्या स्टॉलबद्दल तुम्ही लिहिलंत ते वडिलांना वाचून दाखवलं, त्यांना फार बरं वाटलं. त्यात आमच्या नावाला साइटची लिंक जोडता आली तर वाचणाऱ्यांना मागावरचं कामही बघता येईल. पत्ता खाली देतेय.' कीवर्ड वगैरे काही सुचवू नका, त्यांना हवे ते शब्द वापरू द्या. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा आणि सोडून द्या. अशा पाच-सहा लिंका मला त्या आख्ख्या शीटपेक्षा मोलाच्या वाटतात.

गूगल मॅप्सवर तुमची नोंद आहे, पण फोटो दोनच आणि वेळ चुकीची. शिर्डी-नाशिककडून गाडी करून लोक खास पैठणी घ्यायला येवल्यात येतात, त्यांचा शोध मॅप्सवर होतो आणि तिथे अंतर, नेमकेपणा आणि लोकांमधलं नाव बघितलं जातं. साडी नेणाऱ्या प्रत्येकीला रिव्ह्यू लिहायची विनंती करा, त्याबदल्यात सूट देऊ नका, आणि प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर द्या.

भावाचं इन्स्टा चालू राहू द्या, तो रील चांगल्या करतो. तिथे काल टाकलेलं परवा खाली जातं, साइटवरचं पान राहतं, एवढंच त्याला सांगा. रीलमधला मागाचा व्हिडिओ साइटवरच्या पानातही लावा.

एजन्सीशी भांडत बसू नका. पण काम थांबवण्यापूर्वी दोन गोष्टी ताब्यात घ्या : डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर आहे का, आणि सर्च कन्सोलची मालकी तुमच्याकडे आहे का. तुमच्या स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात 'ओनर' म्हणून दुसऱ्याच कुणाचा ईमेल दिसतोय. ही बाब आधी मिटवा, बाकीचं नंतर. पुढे कुणालाही काम देताना 'पहिल्या क्रमांकाची हमी' असे शब्द आले तर तिथेच थांबा. गूगल स्वतः सांगतं की अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, आणि चांगल्या कामाचाही परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागतं असं त्यांचंच म्हणणं आहे. तेवढा धीर धरावा लागेल, ते मी लपवत नाही. 404 झालेली पानं परत आणल्याचा फायदा बहुधा त्याआधी दिसू लागेल.

वाचलेल्या 10,000 रुपयांतून पहिल्या महिन्यात एका चांगल्या फोटोग्राफरला दिवसभरासाठी घरी बोलवा. पदराची उलटी बाजू, काठ, वडिलांचे हात, मागावर अर्धी झालेली साडी, सगळं दिवसाच्या उजेडात काढून घ्या. पानं परत आणताना अडलं, तर बंद पडलेल्या पत्त्यांची यादी मला पाठवा. कुठलं पान कुठे वळवायचं ते आपण बसून ठरवू.